डॅशबोर्डवर दिवाळी झाली तर आधी मीटर लावा

मागच्या अंकात लिहिलं होतं की ज्यांच्याकडे टू-सीटर, कन्व्हर्टिबल किंवा कुठलीही स्पोर्ट्स कार आहे आणि डॅशबोर्डवरचे मेसेज समजत नाहीत त्यांनी प्रश्न पाठवा. मला वाटलं आपल्या सोलापुरात अशा गाड्या असून असून किती असणार, पण बार्शी, पंढरपूर, मोहोळहून पण मेसेज आले. बहुतेकांची अडचण एकच आहे, गाडी सेकंड हँड घेतलेली, कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्याला नाहीतर हैदराबादला, म्हणजे अडीचशे-तीनशे किलोमीटर, आणि एवढ्या लांब टो करून न्यायची तर त्यातच खिसा रिकामा होतो. म्हणून घरी किंवा गावातल्या चांगल्या वायरमनकडून जेवढं तपासून होतं तेवढं नीट लिहितोय, थोडं लांबलंय, पण सवडीने वाचा.

प्रश्न (जुळे सोलापूर): काका, २०१० ची जर्मन टू-सीटर आहे माझ्याकडे. रोज चालत नाही, रविवारी होटगी रोडला एक चक्कर होते तेवढीच. गेल्या आठवड्यात सेल्फ मारला तर गाडी जड सुरू झाली आणि एकदम एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल, एअरबॅग, स्टीअरिंग, गिअरबॉक्स असे एकामागून एक मेसेज यायला लागले. स्कॅनर लावला तर चौदा कोड. एका गॅरेजमधे एबीएसचा मॉड्यूल गेला म्हणाले, खर्च सव्वा लाख. करू का?

उत्तर: नका करू मालक, निदान आत्ता तरी नका करू. पाच वेगवेगळ्या सिस्टिम एकाच सकाळी ठरवून एकत्र जळत नाहीत. पाचही जणांमधे सामाईक काय आहे ते बघायचं, आणि सामाईक असतो तो करंट, म्हणजे बॅटरीचा प्लस आणि बॉडीचा अर्थ (करंट बॅटरीकडे परत जायची वाट). सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अॅम्पिअर किंवा त्याच्याहीपेक्षा जास्त ओढतो, तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, आणि ते फारच खाली बसलं की आतले कॉम्प्युटर, म्हणजे मॉड्यूल, क्षणभर बंद पडतात, परत चालू होतात, आणि चालू झाल्यावर शेजारचा उत्तर देत नाही म्हणून प्रत्येकजण आपापल्या वहीत तक्रार लिहून ठेवतो. असे झाले तुमचे चौदा कोड. त्या चौदात पी ०५६२ आहे का बघा असं मी फोनवर विचारलं होतं ते याचसाठी, तो कमी व्होल्टेजचा कोड आहे, आणि तो तुमच्या यादीत होता, पण तो दहाव्या नंबरवर असल्यामुळे कोणी तिथपर्यंत वाचलंच नाही.

शनिवारी तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा काय काय केलं ते बाकीच्या वाचकांसाठी लिहितो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरने मोजली तर १२.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर उतरलीच समजायची. म्हणजे बॅटरी निम्म्याच्याही खाली होती, ते एक झालं. मग मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या टर्मिनलवर धरून सेल्फ मारायला सांगितला, १०.२ वर आली, ही काही फार वाईट नाही, कारण ९.६ च्या वर राहिली तर चालतं. मग गाडी एवढी जड का फिरतेय? तर मीटरची एक पिन निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर धरली, दुसरी बॉडीच्या कोऱ्या लोखंडावर, आणि परत सेल्फ मारला. इथे ०.२ च्या वर आकडा यायला नको. आला १.३.

१.३ व्होल्ट म्हणजे काय, तर बॅटरीतून निघालेला करंट परत येताना वाटेतच अडकतोय आणि १०.२ मधले १.३ तिथेच खर्ची पडतायत, मॉड्यूलना मिळतायत जेमतेम ८.९. बॅटरीपासून बॉडीला जाणारी जी वेणीसारखी विणलेली अर्थची पट्टी असते तिचा बोल्ट सोडला. वरून बघताना पट्टी एकदम ठीक, पण लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, उलटा केल्यावर खाली पांढरट-हिरवी भुकटी, आणि क्रिंपच्या, म्हणजे लग तारांवर दाबून बसवतात त्या जागेच्या, तोंडाशी निम्म्या तारा तुटून राख झालेल्या, बोटाने चोळल्या तर गळून पडल्या. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने लखलखीत होईपर्यंत घासली, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं, ०.०८. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, रविवारी सकाळी कोड पुसले, आणि सेल्फ एका इशाऱ्यात. पट्टी, बोल्ट, मजुरी सगळं मिळून दीड हजाराच्या आत झालं.

एकच दिवा राहिला होता, स्टॅबिलिटीचा, आणि तुमचा चेहरा उतरला होता ते मला आठवतंय. बॅटरीची वायर काढली की बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंग अँगल सेन्सर आपली मधली जागा विसरतो. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवायचं आणि थोडं सरळ चालवायचं. आपण विजापूर रोडपर्यंत जाऊन वळलो तेवढ्यात तो पण गेला. आता फक्त एक करा, गाडी आठवडा-आठवडा उभी राहणार असेल तर एक मेंटेनन्स चार्जर घेऊन ठेवा, तो लावूनच ठेवायचा असतो.

प्रश्न (अक्कलकोट रोड): आमचा टॉवेलचा कारखाना आहे, महिन्यातून आठ-दहा दिवस बाहेरगावी असतो. परत आलो की स्पोर्ट्स कार मेलेली. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. वायरमन म्हणतो बॅटरीच डुप्लिकेट लागली. पण दोन्ही वेळा?

उत्तर: दोन्ही वेळा नाही लागणार, तुमची शंका बरोबर आहे. गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. थोडा तर सगळ्याच गाड्या पितात, घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर हे जागेच असतात, आणि ५० मिलीअॅम्पिअरपर्यंत साधारण चालतं. आता हिशोब करा, ५० मिली म्हणजे दिवसाला १.२ अॅम्पिअर-अवर, ६० ची बॅटरी असेल तर निम्मी व्हायला पंचवीस दिवस. पण तेच ३५० मिली असेल तर दिवसाला ८.४, म्हणजे साडेतीन दिवसांत निम्मी, आणि आठवड्यात मेली. आणि लेड-अॅसिड बॅटरी अशी वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट धरून बसतं, मग ती चार्ज झाली तरी पहिल्यासारखी राहत नाही. म्हणून तुमच्या बॅटऱ्या गेल्या, त्यांचा दोष नव्हता.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर पाच-सहा अॅम्पिअर पण दाखवेल आणि तुम्ही घाबराल, पण तेव्हा सगळे मॉड्यूल जागे असतात. त्यांना झोपू द्यावं लागतं, वीस मिनिटं ते पाऊण तास, गाडीगाडीवर आहे. रिमोट चावी लांब घरात ठेवून यायची, खिशात ठेवली तर गाडी झोपतच नाही. ज्या दारातून काम करणार ते दार उघडं ठेवायचं पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने पाडून ठेवायचं म्हणजे गाडीला दार बंद आहे असंच वाटतं, बॉनेटचं पण तसंच. मग डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्हच्या केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा. साधा मीटर मधे जोडून पण मोजता येतं पण मग मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा १० अॅम्पिअरचा फ्यूज उडेल.

आता करंट जास्त दिसला तर लोक काय करतात, एकेक फ्यूज उपटत बसतात. जुन्या गाड्यांत ते ठीक होतं. आताच्या गाडीत फ्यूज काढून परत घातला की तो मॉड्यूल जागा होतो आणि परत अर्धा तास गेला. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टवर ठेवा, फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात त्यांच्यावर दोन पिना टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. काही मिलीव्होल्ट दाखवले की तिथून करंट वाहतोय. फ्यूज हलवायचाच नाही.

अक्कलकोट रोडच्या या मालकांनी मला फोन स्पीकरवर ठेवून हे सगळं स्वतः केलं, रात्री साडेनऊला, पार्किंगमधे टॉर्च तोंडात धरून. अठ्ठाविसाव्या की एकोणतिसाव्या फ्यूजला आकडा आला. तो फ्यूज मागच्या अॅम्प्लिफायरचा. अॅक्सेसरीवाल्याने अॅम्पची चालू-बंदची बारीक वायर इग्निशनच्या लाइनला न देता थेट बॅटरीच्या लाइनला देऊन टाकली होती, म्हणजे गाणं बंद असलं तरी अॅम्प दिवसरात्र जागा. ती एक वायर बदलली, झोपेतला करंट २८ मिलीवर आला. दुसऱ्याकडून गाडी घेताना जीपीएस, डॅशकॅम, अॅम्प, बाहेरून बसवलेलं जे जे आहे ते आधी बघत जा, गाडीच्या मूळ वायरिंगपेक्षा त्रास तिथेच जास्त सापडतो असा माझा अनुभव आहे.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे मधे पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या शेडखाली बॉनेटच्या आत तर विचारूच नका, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज साधारण दुपटीने होते. बॅटरी मरते उन्हाळ्यात पण कळते थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गार पडलं की सेल्फ फिरत नाही आणि आपण थंडीला नावं ठेवतो.

प्रश्न (बार्शी): पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे ओव्हरटेक करताना गाडीने झटके दिले आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेग कमी केला की लुकलुकणं थांबून नुसता लागून राहिला. तसंच घरी आलो. काही नुकसान झालं असेल का?

उत्तर: इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळू चालवत घरी या आणि एक-दोन दिवसांत दाखवा. पण लुकलुकत असेल तर अॅक्सिलेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा कृपया. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे पेट्रोल नीट पेटत नाहीये, यालाच मिसफायर म्हणतात, आणि न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतंय. तो आतून वितळतो, आणि स्पोर्ट्स कारचा कॅट फार महाग असतो.

कोड पी ०३०० असेल तर सगळीकडे मिसफायर, पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा असं. तुमचा ०३०३ आहे असं लिहिलंय तुम्ही. तिसऱ्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) काढून दुसऱ्यावर घाला आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड ०३०२ झाला तर कॉइल खराब. ०३०३ च राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर. एक रुपया खर्च न करता निम्मं उत्तर मिळतं. टर्बो गाडी असेल आणि जोर लावल्यावरच झटके येत असतील तर प्लगचा गॅप आधी बघा, दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप वाढलेला असला की तिथेच चुकतं.

प्रश्न (सात रस्ता): जुनी, भारतातच बनलेली फायबर बॉडीची छोटी टू-सीटर आहे, फार जपलीय. हेडलाइट लावला की पेट्रोलची आणि टेंपरेचरची सुई दोन्ही हलतात, आणि डावा इंडिकेटर दिला तर ब्रेकलाइट पण मंद मंद लुकलुकतो.

उत्तर: वा, अशी गाडी जपणाऱ्याचं कौतुक वाटतं मला. तुमचा दोष म्हणजे अर्थचा दोष, अगदी पुस्तकातला. लोखंडी बॉडीच्या गाडीत दिव्याचा अर्थ जवळच बॉडीला स्क्रूने मारून टाकतात. फायबर करंट नेत नाही, अमेरिकेतली कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरग्लासची आहे तिच्यात पण हेच गणित, प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतःची वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. ती वायर कुठे गंजली की इंडिकेटरचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि शेजारच्या ब्रेकलाइटच्या फिलामेंटमधून उलटा फिरून जातो, म्हणून तो मंद पेटतो. सुयांचं पण तेच, मीटरच्या पॅनलचा अर्थ आणि हेडलाइटचा अर्थ एकाच गंजलेल्या बोल्टवर आलेला असणार.

जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक मागच्या दिव्याच्या अर्थच्या पिनला टेकवा. लुकलुकणं थांबलं की दोष सापडला. मग पुढे पॅनलच्या अर्थला पण तसंच. सगळे अर्थ पॉइंट सोडून घासून, नवे लग लावून परत बसवा, एक रविवार जाईल पण पुढची कितीतरी वर्षं बघावं लागणार नाही.

प्रश्न (मोहोळ तालुका): गाडी शेतावरच्या शेडमधे असते, बाजूच्या खोलीत ज्वारीची पोती. परवा स्टार्टच होईना, डॅशबोर्ड निम्मा काळा, गिअरचा आकडा गायब. यू ०१०० कोड आहे. वायरिंग उंदराने खाल्लीय का?

उत्तर: शंभर टक्के आधी तेच बघा. यू ने सुरू होणारा कोड म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीयेत, यू ०१०० म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर कोणालाच सापडत नाहीये. याचा अर्थ तो जळला असा नाही. कदाचित त्याच्यापर्यंत वायर पोचत नाही, किंवा त्याचा फ्यूज-रिले गेला.

हे बोलणं चालतं कॅन बसवर. बॉशने १९८६ मधे ही पद्धत जगासमोर आणली, त्याआधी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर असायची आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मनगटाएवढा जाड व्हायचा. आता एकमेकांभोवती पीळ दिलेल्या दोनच वायरी असतात, एक हाय एक लो. शांत असताना दोन्हीवर २.५ व्होल्ट, बोलताना हाय ३.५ कडे जाते आणि लो १.५ कडे. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी काढून दोन्ही वायरींच्या मधे मोजलं तर ६० ओहम यायला पाहिजे. स्टीअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचा जो सोळा पिनांचा सॉकेट आहे त्याच्या ६ आणि १४ नंबरच्या पिना. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटलीय, शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत त्या सॉकेटच्या मागे गेटवे मॉड्यूल, म्हणजे निरोप पुढे पाठवणारा मधला कॉम्प्युटर, असतो, तिथे सॉकेटवर ६० आला तरी पुढची लाइन वेगळी मोजावी लागते, एवढं ध्यानात ठेवा.

तुम्ही नंतर पाठवलेल्या फोटोत दिसतंयच, इंजिनच्या वरच्या फोमच्या कव्हरखाली उंदराने घर केलंय, कापूस, ज्वारीची कणसं, आणि शेजारी हार्नेसच्या चार वायरी कुरतडलेल्या. नवीन हार्नेस मागवायची घाई करू नका. चारही वायरी एकाच जागी जोडू नका, थोड्या पुढे-मागे जोडा म्हणजे गाठ मोठी होत नाही. सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब चढवा, नुसती टेप नको, आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळून चिकट होतो. कॅनच्या दोन वायरींचा पीळ होता तसाच परत द्या, तो पीळ असतो म्हणून बाहेरचा डिस्टर्बन्स आत येत नाही.

पोती दुसरीकडे हलवा किंवा गाडी हलवा, दुसरा खरा उपाय नाही. खालून बारीक जाळी मारून घ्या. औषध ठेवू नका, उंदीर मरायला ब्लोअरच्या डक्टमधे जाऊन बसतो आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मी उतरवलाय.

प्रश्न (पंढरपूर): कन्व्हर्टिबल आहे. पावसाळ्यानंतर छत उघडत नाही आणि सीट पुढे-मागे केली की एअरबॅगचा दिवा लागतो. दोन वेगळे दोष की एकच?

उत्तर: दोन वेगळे दिसतात पण मुळाशी पाणीच असण्याची शक्यता खूप. कन्व्हर्टिबलमधे छताच्या कडेला पावसाचं पाणी जायला बारीक नळ्या असतात. आपल्याकडे धूळ आणि निंबाचा पाला, वर्षभर साफ केल्या नाहीत तर बुजतात, आणि पाणी आत साठतं. काही गाड्यांत छत उचलणारा हायड्रॉलिक पंप नेमका त्या खोलगट जागेत बसवलेला असतो, तो बुडतो आणि गंजतो. पहिलं काम, कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावा. वरून कोरडं आणि खाली पिळलं तर पाणी, असं कितीदा पाहिलंय मी. नळीत कडक तार घालू नका, आतून सुटेल, मऊ नायलॉनची दोरी घाला.

एअरबॅगचं मात्र स्वतः करू नका. सीटखाली पिवळा कपलर असतो, पिवळा म्हणजे एअरबॅगचा. सीट हलली की तो ताणला जातो आणि कॉन्टॅक्ट लूज होतो, दोष एवढाच असू शकतो. पण त्या कपलरला टेस्ट लॅम्प किंवा ओहम मीटर लावायचा नाही, लावायचाच नाही, मीटरच्या बारीक करंटने पण एअरबॅग फुटण्याचा धोका असतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच कपलर हाताळतात, आणि ज्याने हे काम केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

आता बाकीचे थोडक्यात.

नवी पेठ, "१५ चा फ्यूज सारखा उडायचा, आता ३० चा टाकलाय, चालतंय": आजच्या आज काढा. फ्यूज वायर वाचवायला असतो. १५ च्या वायरमधून ३० जायला लागला तर वायर तापते, इन्सुलेशन वितळतं आणि गाडी पेटते, तुम्ही आत बसलेले असताना. शॉर्ट शोधायचा असेल तर फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा, शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटेल, आणि हार्नेस हलवत जा, ज्या जागी हलवल्यावर बल्ब मंद होईल किंवा विझेल तिथे वायर घासलीय.

विजापूर रोड, पोर्शे, बॅटरी उतरली आणि बॅटरी पुढच्या डिकीत, डिकी करंटशिवाय उघडत नाही: ९९७ (९११) आणि ९८७ (बॉक्सस्टर, केमन) मॉडेलमधे ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूजबॉक्समधे लाल पिन बाहेर ओढता येते. दुसऱ्या बॅटरीचा प्लस तिला, मायनस दाराच्या लोखंडी खुंट्याला, आणि चावीने डिकी उघडा. या पिनवर गाडी जंप स्टार्ट करू नका, ती फक्त लॉक उघडण्यापुरती आहे.

बाळे, नवी बॅटरी घातली पण ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद: बीएमडब्ल्यू वगैरे गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी जुनीच समजून चार्ज करत राहते. आणि मूळची एजीएम (काचेच्या तंतूंच्या चटईत अॅसिड धरून ठेवणारी बॅटरी) असेल तर एजीएमच घाला, साधी घालून पैसे वाचत नाहीत.

होटगी रोड, टायरचा दिवा: सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग लागून राहतो असं लिहिलंय, म्हणजे दोष हवेचा नाही, सेन्सरचा. चाकातल्या सेन्सरची बॅटरी सहसा पाच ते दहा वर्षं टिकते, तुमची गाडी २०१४ ची आहे. पुढचे टायर बदलाल तेव्हाच बदलून घ्या.

स्कॅनर कुठला घेऊ, हे सहा जणांनी विचारलंय: साधा हजार-दोन हजाराचा ब्लूटूथवाला इंजिनचे पी कोड वाचतो, एबीएसचे सी, बॉडीचे बी आणि नेटवर्कचे यू कोड तो सगळे वाचेलच असं नाही, स्पोर्ट्स कारला तुमच्या ब्रँडचं सॉफ्टवेअर चालणारा घ्या. आणि कोड पुसायच्या आधी सगळ्या यादीचा फोटो काढा. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान साठवलेलं असतं, पुसलं की ते पण जातं, आणि मग आमच्याकडे गाडी येते तेव्हा हातात काहीच नसतं.

प्रश्न (अशोक चौक): मी अकरावीत आहे. मला ऑटो इलेक्ट्रिशियन व्हायचंय, स्पोर्ट्स कारचंच काम करायचंय. घरी म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर. कुठून सुरुवात करू काका?

उत्तर: बाळा, घरच्यांशी भांडू नकोस, डिप्लोमा कर, डिग्री कर, आयटीआय कर, तिन्ही वाटांनी या कामाला येता येतं. पण त्याची वाट बघत बसू नकोस. पाचशे-सहाशे रुपयांचा डिजिटल मीटर घे आणि वडिलांच्या मोटरसायकलपासून सुरू कर. बॅटरी बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती, हे वहीत तारखेसकट लिही. चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या लोखंडावर, आणि मित्राला सेल्फ मारायला सांग. जो आकडा येईल तो लिही, आणि मग तो बोल्ट सोडून, घासून, आवळून परत मोज. दोन्ही आकडे मला पाठव, पुढच्या महिन्यात त्यावरून पुढचं सांगतो.